तिसरा चरण

नथू बसून जेवत नसे. तो उभ्यानं जेवायचा, आणि तेही घरभर. भाकरीचा पहिला तुकडा चुलीपाशी, दुसरा उंबऱ्यावर, कालवण गोठ्यात. सांडलेल्या थेंबांवरून आपला नवरा आज कुठून कुठं गेला हे शालूबाईला बिनचूक सांगता यायचं. दीड वर्ष हे चाललं होतं. त्या दीड वर्षात तो घरी एकदाच नीट खाली टेकला, हजामतीसाठी, आणि तेव्हाही मधेच उठला. उरलेली अर्धी हजामत न्हाव्यानं अंगणात त्याच्यामागं फिरून केली आणि पायपिटीचे म्हणून एक भोपळा जास्तीचा नेला.

वाडीला वाटे, हे नोकरीमुळं. कुसगावच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या वाडीतला नथू हा रेल्वेत चावीवाला होता. रूळ ज्या चाव्यांनी स्लीपरवर घट्ट धरलेले असतात त्या हातोड्यानं ठोकत जायचं, लोणावळ्यापासून मळवलीपर्यंत आणि परत. घाटात विजेची इंजिनं येऊन तीन वर्षं झाली होती, गाड्या न धापा टाकता चढू लागल्या होत्या, पण चाव्या होत्या तशाच सैल होत होत्या. जो माणूस दिवसभर चालतो त्याचे पाय संध्याकाळी एकदम कसे थांबणार, असं लोक म्हणायचे. रेल्वेत बाकीचेही चावीवाले होते आणि ते सगळे बसून जेवत होते, हे कुणी ध्यानात घेतलं नाही.

खरं कारण एक दगड होता.

नथूचा बाप लवकर गेला. चुलत्यानं, हौशीरामतात्यांनी, त्याला वाढवला, चार बुकं शिकवली, मुकादमाला सांगून रेल्वेत चिकटवला. तात्यांच्या भातखाचराला लागून कस्तुराबाईचं खाचर. कस्तुराबाई विधवा, मागं-पुढं कोणी नाही, तोंड मात्र दोन माणसांपुरतं. गेल्या साली चैत्रात ती भाचीच्या लग्नाला माहेरी गेली. लोणावळ्याच्या बाजाराचा दिवस होता, शिवारात चिटपाखरू नव्हतं. नथू ड्यूटीवरून परत येताना बांधावर तात्या उभे दिसले, हद्दीच्या दगडाशेजारी. तात्या म्हणाले, जरा हात लाव. नथूनं हात लावला. दगड सात हात पलीकडं, कस्तुराबाईच्या खाचरात जाऊन बसला. तात्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि वाघ आहेस म्हणाले. एवढंच झालं.

कस्तुराबाई परत आली, बांधावर उभी राहिली आणि म्हणाली की माझं रान आटलंय. लोक म्हणाले, मावशी, वयानं नजर आटते, रान आटत नाही. तिनं नजर पारखून घ्यायच्या ऐवजी वकील गाठला आणि वडगावच्या कोर्टात दावा लावला. आता भाद्रपदात तारीख होती. त्या दिवशी नथूनं पिंजऱ्यात उभं राहून सांगायचं होतं की हा दगड माझ्या आज्यापासून इथंच आहे. तात्यांनी हे त्याला विचारलं नव्हतं, नुसतं कळवलं होतं. तो हो म्हणाला नव्हता आणि नाहीही म्हणाला नव्हता. तो चालत होता.

श्रावण लागला आणि दत्तोबाआबांना दिसायचं बंद झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. आबा चाळीस वर्षं मारुतीच्या देवळात श्रावणात पोथी वाचत आले होते. पोथी त्यांच्या बापानं कुठूनशी उतरवून आणलेली. कुणी लिहिली ते पान उंदरांनी खाल्लं होतं. वाडीत बालबोध अक्षर धडपणे वाचणारा दुसरा माणूस म्हणजे नथू. आबांनी लाल फडक्यातली पोथी त्याच्या हातात दिली आणि एकच अट घातली, की अक्षर खाऊ नकोस.

पहिल्या संध्याकाळी नथू मांडी घालून बसला. तिसऱ्या ओवीला त्याचा गुडघा हलू लागला, सातव्या ओवीला पाट वाजू लागला, आणि दहाव्या ओवीला समई कलंडली. मग तो उठला आणि चालत वाचू लागला, आणि मग कुठं आवाज लागला.

मारुतीचं देऊळ अगदी लहान. मधोमध गाभारा, त्याच्या चारी बाजूंनी पडवी. मावळातला श्रावण, त्यामुळं बाहेर बसायची सोय नाही. पुढच्या पडवीत बापे बसायचे, मागच्या पडवीत बाया. नथू मधल्या गाभाऱ्याला प्रदक्षिणा घालत वाचायचा. स्लीपर मोजत चालायची सवय असल्यामुळं त्याचं पाऊल घड्याळासारखं पडायचं आणि एका फेरीत बरोबर एक ओवी व्हायची. ओवीचा पहिला चरण पुढच्या पडवीत, दुसरा मागच्या पडवीत. तिसरा आणि शेवटचा तुकडा डाव्या कोपऱ्यात यायचा. तिथं कौलं गळत होती, फरशीवर शेवाळ होतं आणि माणूस कोणी बसत नव्हतं. तिथं नथू पोथी अंगावरच्या घोंगडीत घ्यायचा, पायाकडं बघायचा आणि राहिलेली ओवी घोंगडीत म्हणून टाकायचा.

असा आठवडा गेला आणि वाडीत दोन धर्म झाले. पुढच्या पडवीनं ऐकलेली पोथी वेगळी, मागच्या पडवीनं ऐकलेली वेगळी. बापे म्हणायचे, पोथीत सांगितलंय की संसार हा कोळ्याचं जाळं. बाया म्हणायच्या, पोथीत सांगितलंय की ते रोज झाडून काढावं. एका घरात तर यावरून भांडण झालं. नवऱ्यानं ऐकलं होतं की देह हा मातीचं मडकं, आणि बायकोनं ऐकलं होतं की फुटलं तर रडू नको. तिनं एक मडकं फोडून बघितलं. तो रडला.

श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात तेराव्या अध्यायात ही ओवी आली:

करिता तूं नव्हेसी बापा । पाहता तूंचि निष्पापा ।
करोनि झांकिसी जें आपा । तेंही पाहें ॥

पुढच्या पडवीत हौशीरामतात्या पालथी मांडी घालून बसले होते. ‘करिता तूं नव्हेसी बापा’ हे त्यांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की पुजाऱ्याला समईची एक वात कमी करावीशी वाटली. पोथी सुटल्यावर त्यांनी नथूला कोपऱ्यात घेतलं आणि समजावलं. करणारा आपण नाही. म्हणजे दगड आपण हलवला नाही. दगड हलला. तू उगाच जिवाला खातोस. हे मी सांगत नाही, पोथी सांगते, आणि कोर्ट काही पोथीपेक्षा मोठं नाही.

नथूला इतकं हलकं वाटलं की तो त्या दिवशी जवळजवळ बसला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं हे ज्ञान घरात लावायला सुरुवात केली. गूळ संपला तेव्हा म्हणाला, खाणारा मी नव्हे. गायीचं दावं सुटून ती शेजाऱ्याच्या भातात गेली तेव्हा म्हणाला, बांधणारा मी नव्हे. शालूबाईनं दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःपुरतीच भाकरी केली.

“माझी कुटंय?” नथू म्हणाला.

“जेवनारा तुमी न्हाई,” शालूबाई म्हणाली. “आन करनारी मी बी न्हाई. झाली असंल तर बघा चुलीत.”

चुलीत राख होती. नथू उपाशी पोटी मळवलीपर्यंत गेला आणि आला, आणि वाटेत त्याच्या ध्यानात आलं की भूक लागणारा मात्र तोच होता.

मागच्या पडवीतलं प्रकरण याहून वाईट होतं. कस्तुराबाईनं ओवीचा दुसरा चरण ऐकला होता. पाहता तूंचि. हा चरण म्हणत नथू तिच्या समोरून गेला आणि त्याचा आवाज चिरकला, हेही तिनं ऐकलं होतं. त्या दिवसापासून ती त्याच्याकडं बघायला लागली. बोलायची नाही, नुसती बघायची. पाणवठ्यावर बघायची, रुळाशेजारी गवत कापता कापता विळा थांबवून बघायची. नारळीपौर्णिमेला तिनं त्याच्या हातावर प्रसाद ठेवला आणि म्हणाली, “पोथीत लिवलंय, नथू. पाहनारा तूच हाईस.”

“ते सगळ्यांसाठी लिवलंय, मावशी,” नथू म्हणाला.

“व्हय का. मला वाटलं तुलाच.”

त्या दिवशी नथूनं डाऊन लाईनच्या चाव्या ठोकल्या, मग अपच्या ठोकल्या, मग पुन्हा डाऊनच्या ठोकल्या. मुकादमानं विचारलं, एवढी कसली हौस. नथूनं पुढची चावी ठोकली. पुढची पडवी म्हणत होती, तू काही केलं नाहीस. मागची पडवी म्हणत होती, तू पाहिलंस. तो या दोघींच्या मधे गोल गोल फिरत होता, आणि पोथी त्याच्या स्वतःच्या तोंडातून निघत असूनही त्याला ती कुठूनच ऐकू येत नव्हती.

शेवटी एका रविवारी सकाळी तो पोथी घेऊन दत्तोबाआबांकडं गेला. आबा ओट्यावर वाकळ पांघरून बसले होते. नथूनं ओट्यासमोर येरझारा घालत त्यांना दोन्ही अर्थ सांगितले आणि खरा कोणता ते विचारलं.

आबा म्हणाले, “आख्खी ओवी म्हन. आन हितं, माज्याम्होरं, हुबा ऱ्हाऊन. तुज्यामागं मान फिरवून माजी शीर धरली.”

नथू ओट्याच्या खांबाला एका हातानं धरून उभा राहिला. त्यानं ओवी म्हटली. पहिला चरण, दुसरा चरण, आणि मग डोकं घोंगडीत न घालता तिसरा. करोनि झांकिसी जें आपा. तेंही पाहें.

हे शब्द त्यानं आधी वाचले होते, यात शंका नव्हती. घोंगडीत वाचले होते, शेवाळावरून पाय घसरू नये म्हणून बघत. पोथीत ते होते, त्याच्या तोंडात होते, फक्त त्याच्या कानाला ते लागले नव्हते.

“म्हंजी काय, आबा?”

“म्हंजी, केलं ते केलं. आन सोतापास्नं झाकलं, ते बी बघ.” आबांनी वाकळ सारखी केली. “लोक समदे पयल्या दोन चरणांवरच निवांत हुत्यात. मी बी चाळीस वर्सं निवांतच व्हतो. आता दिसंनासं झालंय तर मलाच माजं लय दिसाय लागलंय. काय सांगू नगंस कुनाला.”

नथूनं विचारलं, बघितल्यावर काय होतं. आबा म्हणाले, ते पोथीत नाही, ते पान उंदरांनी खाल्लं असेल.

पुढचे पंधरा दिवस नथू लाईनवर चालत होता, हातोडा मारत होता आणि आत बघत होता. हे काम वाटलं होतं त्यापेक्षा कंटाळवाणं निघालं. आत फारसं काही नव्हतं. तात्यांचं भय होतं, ते पुढंच बसलेलं होतं, ते त्याला आधीपासून माहीत होतं. त्याच्यामागं तात्यांनी लहानपणी खांद्यावर बसवून जत्रेत फिरवलेलं होतं. ज्यानं खांद्यावर बसवलं त्याच्याविरुद्ध तोंड कसं उघडायचं, हे होतं. इथवर सगळं सरळ होतं, यातलं काहीच त्यानं झाकलेलं नव्हतं. हे तर तो रोज स्वतःला सांगून रडायच्या बेताला यायचा.

मग एका दुपारी, मळवलीच्या अलीकडच्या मोरीपाशी, चावीवर हातोडा उचललेला असताना त्याला ते दिसलं. ते फार लहान होतं. इतकं लहान की त्यासाठी दीड वर्ष उभ्यानं जेवावं असं काही त्यात नव्हतं. हातोडा त्यानं तसाच हळूच खाली ठेवला. दगड त्यानं उचलला होता, पण भीतीनं नव्हे.

भाद्रपदात गणपती गेले आणि तारीख आली. आदल्या दिवशी तात्यांचे वकील माधवराव यांनी त्याला तळेगावला बोलावून चार वाक्यं पाठ करून घेतली. नथू त्यांच्या खुर्चीभोवती फिरत ती म्हणत राहिला. पाचव्या वेळी माधवरावांना चक्कर आली, पण साक्षीदार चोख आहे असा त्यांनी निर्वाळा दिला. त्यांचं एकच सांगणं होतं: विचारलं तेवढंच बोलायचं.

वडगावच्या कोर्टात साक्षीदाराचा पिंजरा दोन हात बाय दोन हात होता. त्यात येरझारा घालता येत नव्हत्या. नथूचे पाय जागच्या जागी थरथरू लागले आणि त्याबरोबर पिंजऱ्याची कडी वाजू लागली. कारकुनानं सांगितलं, म्हणा, ईश्वराला साक्ष ठेवून खरं सांगेन.

नथू थांबला. त्याला हे खरोखरच कळेना.

“देव साक्षीला हायच,” तो म्हणाला, “तर मग मला कशाला बोलिवलं?”

माधवरावांनी डोळे मिटले. जज्जसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. ते म्हणाले की देवाला समन्स लागू होत नाही, तेव्हा तुम्हीच सांगा. नथूला हे पटलं. त्यानं शपथ घेतली.

माधवरावांनी विचारलं, तो दगड तिथं केव्हापासून आहे.

चारही वाक्यं नथूला येत होती. समोरच्या बाकावर तात्या बसले होते, हात गुडघ्यांवर ठेवून, बारशाला बसावं तसे. नथूच्या तोंडाला कोरड पडली. कोरड पडली हे त्यानं बघितलं. पाय कापत होते, तेही बघितलं. पोटात तात्यांचं भय कालच्या इतकंच होतं, रतीभर कमी नाही. ते जाईल आणि मग आपण बोलू अशी वाट तो दीड वर्ष बघत होता. आता त्याच्या ध्यानात आलं की त्या भयाला कुठं जायचंच नाही. बसू दे. ते बसेल तिथं, आणि आपण इथं उभं राहून बोलू. दोघांना पुरेल एवढी जागा होती.

“गेल्या सालच्या चैत्रापास्नं,” नथू म्हणाला. “त्या आदी सात हात अलीकडं व्हता. मी उचलला.”

कोर्टात जे व्हायचं ते झालं. माधवराव म्हणाले की साक्षीदार फुटला आहे. बाईंच्या बाजूचा वकील, जो इतका वेळ सुपारी कातरत होता, तो इतक्या घाईनं उठला की सुपारी गोळी सुटल्यासारखी जज्जसाहेबांच्या टेबलाखाली गेली. त्यानं विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून उचलला.

“तात्यांच्या. पन हात माजेच.”

“म्हणजे तुमच्यावर दडपण आणलं?”

वकिलानं त्याच्यापुढं अगदी ताटच वाढून ठेवलं होतं. हो म्हटलं की संपलं. नथू सुटला, सगळा दगड तात्यांच्या डोक्यावर.

“न्हाई,” नथू म्हणाला. “ते हात लाव म्हनले. मी न्हाई म्हनलो असतो तर त्यांनी दुसऱ्या कुनाला तरी गाठलं असतं. मला त्या वक्ताला भ्या वाटलंच न्हवतं. ते मागनं वाटलं. त्या वक्ताला मजा वाटली. लय जड धोंडा व्हता, आन एका दमात उचलला. कुनाचं रान जातंय ते मला दिसत व्हतं. तरीबी मजा वाटली.”

कारकुनाची लेखणी थांबली. त्यानं हळूच विचारलं, साहेब, ‘मजा’ हा शब्द घालू का. जज्जसाहेब म्हणाले, त्यांनी घातला आहे, आपण काढणारे कोण. पिंजऱ्याची कडी वाजायची थांबली नव्हती. पण इतक्या वेळात सगळ्यांना तिची सवय झाली होती.

बाहेर आल्यावर नथूला वाटलं होतं की कस्तुराबाई निदान दोन शब्द बरे बोलेल. तिनं त्याला कोर्टाच्या पायऱ्यांवरच धरलं आणि दीड वर्ष कुठं झोपा काढत होतास, माझं एक सालचं भात गेलं, आणि मला लोकांनी आंधळी ठरवली त्याचं काय, असं सगळ्या पक्षकारांसमोर विचारलं. त्यानं ते सगळं उभं राहून ऐकलं, आणि आश्चर्य म्हणजे सरळ उभं राहून ऐकलं.

परत जायला एकच पॅसेंजर होती. पावसामुळं ती मागून भरून आली होती, आणि जागा मिळाली ती एकाच डब्यात, समोरासमोरच्या बाकांवर. एकीकडं कस्तुराबाई, तिची पिशवी आणि एक अनोळखी कोंबडी. दुसरीकडं खिडकीला तात्या आणि त्यांच्याशेजारी नथू, कारण दुसरीकडं कुठं जागाच नव्हती. नथूचा खांदा तात्यांच्या खांद्याला लागत होता. तो काढून घ्यावासा वाटत होता, आणि काढू नये असंही वाटत होतं. दोन्ही त्याला दिसत होतं.

कामशेत सुटल्यावर तात्या खिडकीकडं बघत म्हणाले की आजपासून तू माझा पुतण्या नाहीस. नथूला ते लागलं. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं पुसलं नाही. व्हय, तात्या, एवढंच म्हणाला. तात्यांनी बहुधा काहीतरी मोठं उत्तर येईल म्हणून पुढचं वाक्य तयार ठेवलं होतं. ते त्यांना तसंच गिळावं लागलं.

बाहेर भातं पोटरीला आली होती. तात्या बराच वेळ बांधांकडं बघत राहिले. एक बांध गेला, दुसरा गेला. मग मान न वळवता, कोर्टात विचारतात त्यापेक्षा बऱ्याच हळू आवाजात त्यांनी विचारलं, “खरंच मजा वाटली व्हती तुला?”

“व्हय.”

गाडी मळवलीला थांबली, दोन माणसं उतरली, गाडी सुटली.

“मला बी,” तात्या म्हणाले.

समोरच्या बाकावर कस्तुराबाईनं पदर सावरला, कोंबडीला पायानं जरा सरकवलं, आणि दोघांकडं आळीपाळीनं बघून म्हणाली,

“मला न्हाई वाटली.”